आयनं केलेलं कौतुक

अजूनही कुणी तोंडावर माझं कौतुक करू लागलं की माझे कान तापतात आणि कुठं बघावं ते कळत नाही. नोकरी संपली तेव्हा शाळेनं निरोपाचा समारंभ केला. हार घालून मला खुर्चीवर बसवलं आणि एकामागून एक मंडळी उठून माझ्याविषयी चांगलं बोलू लागली. मी सगळा वेळ स्वतःच्या चपलांकडं बघत होतो. एका तरुण शिक्षकाला वाटलं, मला भोवळ येतेय. त्यानं धावत पाणी आणून दिलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "लोक एवढं चांगलं बोलत होते आणि तुम्ही चोरी करताना पकडल्यासारखे बसला होता." तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं. ही खोड माझ्या अंगात कुठून आली ते सांगायचं तर आमच्या पाड्यापासून आणि माझ्या आयपासून सुरुवात करायला हवी.

आमचा पाडा जव्हार संस्थानच्या अगदी शिवेवर होता. खालचा ओढा ओलांडला की मोखाड्याचा मुलूख, आणि तो इंग्रज सरकारचा. आमच्या गुरांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. ती रोज सकाळी संस्थानातून निघून इंग्रजांच्या गवतात चरून यायची. बाजार मोखाड्याचा, आयचं माहेर पोशेऱ्याचं, आणि राजा जव्हारचा, असा आमचा संसार तीन दिशांना बांधलेला होता. घर कारवीच्या कुडाचं, शेणानं लिंपलेलं, वर पेंढा. एका अंगाला गुरं, दुसऱ्या अंगाला आम्ही, मध्ये नुसता बांबूचा आडणा. पहाटे जात्याची घरघर सुरू झाली की बैलही कान हलवायचे. आय नागली दळायची आणि दळता दळता एकटीच काहीतरी पुटपुटायची. मग तव्यावर भाकर पडल्याचा वास यायचा, किंचित करपट, आणि त्या वासानं मी उठायचो. भाकरीबरोबर कधी उडदाचं पिठलं, कधी चुलीत भाजलेला सुका बोंबील, पावसाळ्यात रानातली कुठली तरी भाजी. पोट भरेल एवढं असायचंच असं नाही, पण आय सगळ्यांत मोठी भाकर माझ्यापुढं टाकायची आणि वर म्हणायची, "गिळ. खाऊन खाऊन तरी कुठं अंगी लागतंय तुझ्या."

आमच्याकडं बोलायची रीतच ही. चांगल्या गोष्टीला चांगलं म्हणायचं नाही. गाय व्याली आणि वासरू धडधाकट निघालं की शेजारीण येऊन म्हणायची, "शी, काय मरतुकडं झालंय." भात लोंबीला वाकला की बा बांधावर उभा राहून म्हणायचा, "यंदा काय खरं नाय." नव्या बाळाला माकड म्हणायचं, नाहीतर बेडूक. चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, आणि दृष्ट लागली की ती वस्तू हातची गेली, हे पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुणाला त्याचं वाईट वाटायचं नाही. मोठी माणसं वाईट ऐकायची आणि मनात चांगलं समजून घ्यायची. मी मात्र जात्याच हळवा आणि रुसका. मला जे ऐकू यायचं तेच खरं वाटायचं.

त्यात माझं नावच केरू. जन्मल्यावर मला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं होतं आणि शेजारच्या म्हातारीनं मूठभर नागली देऊन मला तिथून विकत घेऊन आयला परत दिलं होतं. म्हणजे मी आयचा नव्हेच, केरात सापडलेला, अशी देवाची समजूत करून द्यायची, म्हणजे तो मला न्यायचा नाही. हे सगळे हसत हसत सांगायचे आणि मी ऐकून कोपऱ्यात जाऊन बसायचो. घरात माझी दुसरी हाक होती 'दगड'. दगडा, पाणी आण. दगडा, गुरं सोड. मी दगड आहे याविषयी मला लहानपणी तिळमात्र शंका नव्हती.

शाळा ओढ्याच्या वरच्या गावात, चावडीच्या पडवीत भरायची. मास्तर एकच, बाहेरगावचे, उंच, किडकिडीत, सतत खोकणारे. मला त्यांच्याकडं बानं पाठवलं, कारण माझा पाय लहानपणी मोडून जरा आखूड जुळला होता आणि नांगरामागं मी कितपत चालेन याची त्याला काळजी होती. लंगोटीवर शाळेत गेलेला मी एकटाच नव्हतो, पण लंगडत गेलेला एकटाच, त्यामुळं मी सगळ्यांच्या मागं, खांबाआड बसायचो. एके दिवशी मास्तरांनी पावकी, म्हणजे पावाचा पाढा, विचारली आणि पुढच्या पोरांना येईना, तेव्हा ती माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडली. मास्तर माझ्यापर्यंत चालत आले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबास."

हा शब्द मी आधी कधी ऐकला नव्हता. त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही, पण डोक्यावरच्या हातावरून तो मला कळला. मी पळत घरी आलो आणि आयला सांगितलं, मास्तर मला शाबास म्हणाले. आय भाकर थापत होती. तिचा हात थांबला. तिनं विचारलं, "सगळ्यांच्या देखत?" मी मोठ्या हौसेनं हो म्हणालो. ती तशीच पिठाच्या हातानं उठली, मीठ-मिरच्या घेऊन माझ्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका काही आला नाही. ठसका आला नाही म्हणजे दृष्ट जबर. दुसऱ्या दिवशी तिनं मला शाळेत सोडलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी सोडलं ते कपाळावर, गालावर आणि हनुवटीवर काजळाचे टिळे लावून. पोरं हसली ती हसलीच. मी ओढ्यावर तोंड धुवायचो, तर काजळ फासलं जाऊन तोंड आणखीच काळं व्हायचं. मास्तरांनी मला पुन्हा शाबास म्हणू नये म्हणून मी काही दिवस मुद्दाम चुकीची उत्तरं दिली.

आज लोक विचारतात, मुलांशी कसं बोलावं, त्यांना धीर येईल असं काय म्हणावं. मास्तरकीत जन्म घालवल्यामुळं मला हे विचारायला येतात. मी त्यांना सांगतो, जे चांगलं दिसलं ते त्याला सांगा, नेमकं सांगा, नुसतं छान छान म्हणू नका. सांगताना मला आय आठवते आणि मी जरा अडखळतो. तिला सगळं नेमकं दिसत होतं. तिला ते बोलायची भीती वाटत होती.

ती भीती एकदा चारचौघांत उघडी पडली. शाळाखात्याचे साहेब जव्हारहून तपासणीला आले होते. कापणी झालेली होती, पाड्यातली निम्मी माणसं साहेब कसा असतो ते बघायला चावडीपुढं जमली होती. साहेब वाईट माणूस नव्हता. संस्थानात बाहेरून नोकरीला आलेला, नीटनेटका, हळू बोलणारा. त्यानं धान्य मापायच्या पायली-कुडवाचा एक तोंडी हिशेब घातला आणि एकाही पोराला उत्तर येईना. मास्तर माझ्याकडं बघत होते, काकुळतीला येऊन. मी खांबाआडून उत्तर दिलं. साहेबानं दुसरा घातला, तिसरा घातला, मग मला पुढं बोलावलं. मी लंगडत पुढं गेलो. साहेब म्हणाला, "मुलगा हुशार आहे. फारच हुशार आहे. याला जव्हारला आणा. तिथल्या शाळेत घालू, राहण्याजेवणाची सोय संस्थान करील. कुणाचा हा?"

आय रानातून सरपणाची मोळी घेऊन नेमकी तेव्हाच चावडीपुढून चालली होती. तिनं हे शब्द ऐकले. तिनं मोळी धाडकन खाली टाकली आणि माणसांतून वाट काढत पुढं आली. केसांत पालापाचोळा, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं.

"कशाचा हुशार, साहेब," ती म्हणाली. "दगड हाय तो. पाखरं राखाया बसवला तर झोपून जातो. तुला काय ठाव? याला काय येत नाय. लंगडा हाय वर. जव्हारला नेऊन काय करशील याचं?"

आमच्याकडं अहो-जाहो नाही. देवाला तू, राजाला तू, तसं साहेबालाही तू. पडवीतली पोरं हसली. पाड्यातली माणसं हसली नाहीत. त्यांना आय काय करतेय ते कळत होतं, आणि एकदोघींनी तर माना डोलावल्या. साहेबाला मात्र ऐकू आलं तेवढंच कळलं, माझ्यासारखंच. तो माझ्याकडं बघून जरासा ओशाळला आणि मास्तरांना म्हणाला, "आईलाच भरवसा नाही म्हटल्यावर मी काय करू? उद्या पळून येईल. दुसरा कुणी असेल तर सांगा." आय मोळी उचलून निघूनही गेली होती. मी सगळ्यांच्या मध्ये, लंगोटीवर, माझ्या आखूड पायावर उभा होतो, आणि आपल्याला जमिनीनं गिळावं असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं.

मी शाळेत जायचं सोडलं. बानं विचारलं तर म्हणालो, दगडाला कशाला शाळा. मी जेवायला बसायचो तो पाठ करून. आय भाकर पुढं सरकवायची. तिला वाटत होतं तिनं मला वाचवलंय, आणि वाचवलेलं पोर असं का वागतं हे तिला उमजत नव्हतं. अखेर मास्तरच पाड्यावर आले. ओट्यावर बसून ताक प्यायले, बराच वेळ खोकले, आणि मग म्हणाले की ते जव्हारला जाऊन साहेबाला भेटून आलेत. साहेब एका अटीवर तयार आहे. मुलाच्या आईनं येऊन त्याच्यापुढं सांगायचं की मुलगा शिकेल. जागा एकच उरली आहे, आणि ती फार दिवस ठेवता येणार नाही.

"मी येतो सांगाया," बा म्हणाला.

"तुम्ही नाही चालणार. नाही म्हटलं ते बाईंनी. हो पण त्यांनीच म्हणायला हवं."

आय आत चुलीपाशी होती. सगळ्यांना वाटलं ती नाहीच म्हणेल. ती बाहेर आली आणि मास्तरांना म्हणाली, "एवढं सांगितलं का नेईल त्याला?" मास्तर हो म्हणाले. ती पुन्हा आत गेली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास तिनं भाकरी बांधल्या आणि आम्ही तिघं जव्हारच्या वाटेला लागलो.

ती वाट आता मोटारीनं बघताबघता सरते. तेव्हा साग आणि ऐनाच्या दाट रानातून चढ-उतार करत जावं लागे. आय कायम पुढं, आमच्यापासून बरंच अंतर राखून. बा मागून हाक मारून म्हणाला, "अगं, एकदा म्हणून तर बघ. नायतर तिथं तोंड उघडायचं नाय तुझं." ती न वळता म्हणाली, "इथं कशाला? रान ऐकंल." शिरपामाळाजवळ आम्ही भाकरी सोडल्या. जव्हार समोर दिसायला लागलं होतं. आय एकटीच दूर दगडावर बसली, आणि बा मला हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या आधी एक पोऱ्या होता आमाला." मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. गोरागोमटा होता, बा म्हणाला. आय त्याला मोखाड्याच्या बाजारात घेऊन गेली होती. नवीनच आई झालेली, हौशी. त्याला टोपडं घालून सगळ्यांना दाखवत फिरली. स्वतःच म्हणत होती, माझ्या पोऱ्यासारखा दुसरा नाय. बाजारातून आली ती तापलेलं पोर घेऊन. आठवडाही काढला नाही त्यानं.

"आपल्या तोंडानंच घालवला म्हणते," बा म्हणाला. "म्हणून तुला तसं बोलते. तू काय मनाला लावून घेतो?"

मी आयकडं बघितलं. तिच्या भाकरीला तिनं हातही लावला नव्हता. मी तिच्याशी बोलत नव्हतो ते आठवून मी हातातली भाकर खाली ठेवली. पण उठून तिच्याजवळ जायला मला जमलं नाही. काय म्हणायचं, ते कुठं ठाऊक होतं.

साहेबाची कचेरी म्हणजे एक लांब खोली होती. खुर्च्या, टेबलं, दोन कारकून, आणि जव्हारातले एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन बसलेले. तो मुलगा सदरा-टोपीत होता. आम्ही तिघं दारापाशी जमिनीवर बसलो. साहेबानं ओळखलं. "या बाई. बोला, काय म्हणायचंय?"

आय उभी राहिली. पदर घट्ट ओढून घेतला. मग म्हणाली, "गुरं चुकवत नाय."

साहेबानं मान हलवून पुढं बोलायची खूण केली.

"पानी भरतो. लांबून भरतो, पाय असा असून."

कारकुनांपैकी एक गालात हसला. साहेब म्हणाला, "ते ठीक. पण शिकेल का? तुम्हाला काय वाटतं?"

"पोऱ्याला भायेर धाड," आय म्हणाली. "मंग सांगते."

"नाही बाई, त्याच्या देखत सांगा. त्या दिवशी त्याच्या देखतच बोललात ना?"

आयनं माझ्याकडं बघितलं. नंतर उघड्या दाराकडं बघितलं. तशी भ्यालेली मी तिला कधी पाहिली नव्हती. वाघाची डरकाळी ऐकूनही चूल विझू न देणारी बाई होती ती. मग ती साहेबाकडं तोंड करून बोलू लागली, एका दमात.

"शिकंल. एकदा ऐकलं का इसरत नाय तो. झोपेत पाढे म्हनतो, मी उठून जवळ जाऊन ऐकते. मला त्यातलं काय कळत नाय पन कुठं अडला नाय ते कळतं. नागलीच्या मापांचा हिशोब मी याला इचारते, बाला नाय इचारत. पाय दुखला तरी सांगत नाय. आमच्या पाड्यात याच्यासारखा नाय. तुझ्या जव्हारात पन नसंल."

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्याकडं सगळी खोली बघत होती, तो टोपीवाला मुलगा बघत होता, आणि मला अंगावरची लंगोटीही कुणी ओढून घेतल्यासारखं वाटत होतं. मी झोपेत पाढे म्हणतो हे मलाच माहीत नव्हतं. जी मला दगड म्हणायची ती माझ्या उशाशी बसून ऐकत होती. मी मान इतकी खाली घातली की हनुवटी छातीला टेकली.

"बरं," साहेब म्हणाला. त्याचा आवाज जरा बदलला होता. "ठेवून घेतो."

आय वळली आणि माझ्याकडं न बघता, माझ्या अंगावरून, दाराबाहेर चालती झाली. बा तिच्या मागं धावला. मी दारापर्यंत गेलो, तर ती रस्त्यानं भराभर चालली होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. मला वाटलं, एवढं बोलायला लावलं म्हणून ती माझ्यावर कायमची रागावली.

वसतिगृहात मी रमलो असं म्हणता येणार नाही, पण टिकलो. बा अधूनमधून यायचा, भाकरी आणि भाजलेले बोंबील फडक्यात बांधून. आय कधी आली नाही. विचारलं की बा म्हणायचा, शेतात काम आहे. एकदा त्याला पोचवायला मी दोन-तीन मित्रांबरोबर गावाबाहेरपर्यंत गेलो. बा सारखा म्हणत होता, "जा आता, फीर माघारी." मी ऐकलं नाही. वळणावरच्या आंब्याखाली एक बाई गावाकडं पाठ करून बसली होती. मला ती पाठ ओळखू आली.

"ती दर खेपंला येते," बा खाली बघत म्हणाला. "इथं बसते. तुझ्याकडं बघायचं नाय म्हणते. तोंडानं बोलून बसली, आता वर डोळ्यानं बघितलं तर लागंल म्हणते. मी गेलो का इचारते, केवढा झाला. मी हातानं दाखवतो."

मी हाक मारली. तिनं एकदम पदर तोंडावर ओढून घेतला, डोळे पूर्ण झाकून, पण उठून गेली नाही. मी पुढं जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो. तिनं पदराआडूनच हात पुढं केले. आधी माझं डोकं चाचपलं, मग कान, मग मान. खांद्यांवरून हात खाली नेत दंड दाबून पाहिले, बाजारात खोंड पारखतात तसे. फासळ्या मोजल्यासारख्या तपासल्या. मग खाली वाकून माझा आखूड पाय दोन्ही हातांत धरला आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चोळत राहिली. माझे मित्र मागं उभे होते, सदरा-टोपीतले, जव्हारातले. एकजण खुसखुसला. दुसऱ्यानं विचारलं, "केरू, ही काय करतेय?"

माझे कान तापले होते. मी म्हणालो, "आय आहे माझी. मला बघतेय." आणि तिचं बघून होईपर्यंत मी जागचा हललो नाही.